नकाशाधांव : वाट शोधण्याचा एक आठवडा

वाट चुकणें हा प्रकार आपल्या शहरांतून आतां नाहींसा झाला आहे, असें वरवर पाहतां वाटेल. खिशांतला मोबाइल काढावा, जावयाच्या ठिकाणाचें नांव सांगावें आणि पडद्यावरचा निळा ठिपका नेईल तिकडे जावें. पाहुणा दाराशीं येतो तो कोपऱ्यावरच्या वाण्याला पत्ता विचारून नव्हे. फोनच त्याला आणून सोडतो. ही सोय मोठी आहे आणि तिला नांवें ठेवण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. परंतु प्रत्येक सोय आपल्या अंगची एखादी शक्ति हळूहळू काढून घेत असते. पावकी-निमकीचे पाढे गेले, सोयऱ्याधायऱ्यांच्या फोनचे क्रमांक तोंडपाठ असण्याचे दिवस गेले. आतां पाळी आली आहे दिशेच्या जाणिवेची. मी ह्या क्षणीं कोठें आहें, माझें तोंड कोणत्या दिशेस आहे आणि घर कोणीकडे राहिलें, ह्या तीन साध्या प्रश्नांचीं उत्तरें फोन बाजूस ठेवून आपल्यापैकीं कितीजणांना देतां येतील ?

श्रोतेहो, ह्या तीन प्रश्नांचाच ज्यांत खेळ केलेला आहे, अशा एका शर्यतीविषयीं आज मला बोलावयाचें आहे. इंग्रजींत तिला ओरिएंटियरिंग म्हणतात. मराठींत तिला रूढ असा शब्द नाहीं; बोलण्याच्या सोयीसाठीं मी तिला 'नकाशाधांव' म्हणेन. खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें : रानांत, बागेंत किंवा गांवांत कांहीं ठराविक जागीं नारिंगी आणि पांढऱ्या रंगाचीं लहान निशाणें लावून ठेवलेलीं असतात. ह्या जागांना आपण चौक्या म्हणूं. खेळाडूच्या हातीं आरंभींच एक नकाशा देतात. त्यावर ह्या चौक्या वर्तुळांनीं दाखवून त्यांना क्रमांक दिलेले असतात. क्रमानें प्रत्येक चौकी गांठावयाची, तेथें आपण आल्याची खूण करावयाची आणि सर्वांत कमी वेळांत अखेरच्या रेषेवर यावयाचें. एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत कोणत्या वाटेनें जावें हें मात्र कोणी सांगत नाहीं. मदतीला नकाशा आणि होकायंत्र एवढेंच. वाट दाखविणारें दुसरें कोणतेंहि यंत्र वापरण्यास मनाई असते.

ह्या खेळाचें मूळ स्कँडिनेव्हियांतील सैनिकी शिक्षणांत आहे. अनोळखी मुलखांत नकाशाच्या आधारें वाट काढणें हा तेथील अधिकाऱ्यांच्या अभ्यासाचा भाग होता. नागरिकांसाठीं अशी शर्यत १८९७ सालीं नॉर्वेंत झाली. परंतु खेळाला व्यवस्थित रूप दिलें तें स्वीडनमधील एर्न्स्ट किलांडर ह्या बालवीर-पुढाऱ्यानें. तरुण मंडळी धांवण्याच्या शर्यतींना विटत चाललीं आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें आणि पायांना काम द्यावयाचें तर डोक्यालाहि दिलें पाहिजे, ह्या विचारानें त्यानें १९१९ सालीं स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरविली. पुढें १९६१ सालीं दहा देशांनीं मिळून ह्या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था काढली आणि १९६६ सालीं फिनलंडमध्यें पहिल्या जागतिक स्पर्धा झाल्या. त्याच फिनलंडमध्यें १९४९ पासून युकोला नांवाची सांघिक शर्यत चालत आली आहे; तींत कपाळाला दिवा बांधून रात्रभर रानांतून धांवतात. तिकडे आजोबा, सून आणि नातवंडें एकाच दिवशीं, आपापल्या वयाच्या गटांतून हा खेळ खेळतात. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेंत नकाशावाचन शिकवितात, बालवीरांनाहि त्याची ओळख असते. परंतु नोकरी सांभाळून, हौसेनें नकाशाधांव करणारीं माणसें अजून थोडींच.

त्या थोड्यांपैकीं एक माझा पुतण्या आहे. वय तिशीच्या आंत, बेलापुरास एका कचेरींत हिशेबनिसाचें काम, राहणें नेरुळास माझ्या शेजारच्याच इमारतींत. सकाळचा एक तास आणि सुटीचा दिवस एवढेंच त्याचें भांडवल. अशा सामान्य हौशी माणसाचा आठवडा कसा जातो हें मीं जवळून पाहिलें आहे. तो आठवडाच आपणांसमोर मांडला, म्हणजे खेळाचीं अंगें आपोआप उलगडत जातील.

सोमवारीं तो धांवत नाहीं. आदल्या दिवशीं पाय शिणलेले असतात. रात्रीं जेवण झाल्यावर तो रविवारचा नकाशा टेबलावर पसरतो आणि प्रत्यक्ष ज्या वाटेनें गेला ती वाट तांबड्या पेन्सिलीनें त्यावर काढतो. जेथें रेघ वांकडी गेली तेथें तो थांबतो आणि स्वतःला विचारतो, येथें मला काय दिसलें होतें आणि काय दिसावयास हवें होतें ? जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला शोभेल असेंच हें काम आहे. ह्या खेळाचा नकाशा आपल्या शाळेंतील भिंतीवरच्या नकाशाहून वेगळा असतो. रानांतील शर्यतीसाठीं तो बहुधा पंधरा हजारांस एक किंवा दहा हजारांस एक ह्या प्रमाणावर काढतात. दहा हजारांस एक म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर १०० मीटर. गांवांतील शर्यतीसाठीं प्रमाण चार हजारांस एक, म्हणजे सेंटिमीटरास ४० मीटर. एकटा उभा असलेला मोठा खडक, तुटकी भिंत, कोरडा ओहोळ हीं सर्व त्यांत दाखविलेलीं असतात. रंगांची भाषाहि जगभर एकच : निळें तें पाणी, काळें तें खडक व माणसानें बांधलेलें, तपकिरी त्या उंचसखलपणा दाखविणाऱ्या समोच्चरेषा, पिवळें तें उघडें मैदान. मौज अशी कीं रान पांढऱ्या रंगानें दाखवितात; सहज धांवतां येईल असें रान तें पांढरें, आणि झाडी जसजशी दाट व अडचणीची, तसतसा हिरवा रंग गडद. हा नकाशा सृष्टीचें सौंदर्य सांगत नाहीं, तींतून धांवणें किती सोपें वा किती कठीण तेवढें सांगतो.

आणि नकाशा शिळा होतो, हेंहि सोमवारच्या अभ्यासांतच कळतें. नव्या मुंबईएवढें ह्याचें चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली तेव्हां येथें गांवें, भातशेतें, मिठागरें आणि खाड्या होत्या. विमानतळासाठीं उलवे येथील टेकडी अलीकडे अक्षरशः कापून काढली आणि उलवे नदीचा प्रवाह दुसरीकडे वळविला. जुन्या नकाशावर तेथें समोच्चरेषांचीं वळीं दिसतात. जमिनीवर धांवपट्टी आहे. म्हणून कागद आणि जमीन ह्यांत विरोध आला तर जमीन खरी मानावी, हा ह्या खेळांतला पहिला धडा.

मंगळवारीं पहांटे तो मैदानावर पावलें मोजतो. आपण किती चाललों हें डोळ्यांना नीट कळत नाहीं. कंटाळवाणी वाट लांब वाटते, गप्पांची वाट आंखूड. पायांना मात्र कळवितां येतें. मोजून घेतलेल्या १०० मीटरांत उजवें पाऊल किती वेळां पडतें तें पुन्हा पुन्हा मोजून तो आपला आंकडा ठरवितो. माझ्या पुतण्याचा आंकडा सपाटीवर धांवतांना ४२, चालतांना ६४, आणि चढावर धांवतांना ५५ च्या आसपास आहे. प्रत्येकाचा आंकडा निराळा. दुसऱ्याचा उसना घेऊन चालत नाहीं. नकाशावर चौकी अडीच सेंटिमीटरांवर असली तर अडीचशें मीटर, म्हणजे ह्याचीं १०५ पावलें. शंभराच्या पुढें गेलें कीं मान वर करून निशाण शोधावें. दोनशें झालीं आणि निशाण नाहीं, तर आपण तें मागें टाकलें असें निश्चित समजावें. हें साधें मोजणें नसेल तर मनुष्य "अजून थोडें पुढें असेल" ह्या आशेवर अर्धा कोस निघून जातो.

बुधवार होकायंत्राचा. नकाशाधांवेंतलें होकायंत्र पारदर्शक पट्टीवर बसविलेलें असतें. डबींत द्रव भरलेला असल्यामुळें सुई फार वेळ थरथरत राहत नाहीं. अशीं यंत्रें स्वीडनमध्यें १९३० नंतरच्या दशकांत निघालीं आणि खेळाला वेग आला. वापरण्याची रीत तीन पायऱ्यांची : पट्टीची कड आपल्या जागेपासून पुढच्या चौकीपर्यंत ठेवावी, डबी फिरवून तिच्या आंतील रेघा नकाशावरील उत्तररेषांशीं समांतर कराव्या, मग यंत्र छातीशीं आडवें धरून, सुई त्या रेघांशीं जुळेपर्यंत स्वतः वळावें. पट्टीवरचा बाण दाखवील ती आपली दिशा. त्या दिशेंतलें एखादें झाड किंवा दिव्याचा खांब डोळ्यांनीं पकडावा आणि तेथवर धांवावें. सुईकडे पाहत धांवणारा ठेंच खातो.

सुईची उत्तर आणि पृथ्वीची खरी उत्तर ह्यांत बहुतेक ठिकाणीं अंतर असतें. मुंबईच्या परिसरांत तें एका अंशाहूनहि कमी असल्यामुळें आपल्याला जाणवत नाहीं. ह्या खेळाच्या नकाशांवर तर उत्तररेषा मुळांतच सुईप्रमाणें काढतात, त्यामुळें कोठल्याहि देशांत वजाबाकी करावी लागत नाहीं. पण सुई भोळी आहे. जवळच्या लोखंडाला ती लगेच वश होते. ह्याचा दाखला आपल्या मुंबईनेंच दिला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४० नंतरच्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें होत असत. शहरांत विजेवरची ट्राम येणार असें ठरलें तेव्हां तिच्या प्रवाहामुळें हीं नाजूक मोजमापें बिघडतील हें वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस ह्यांनीं ओळखलें आणि १९०४ सालीं चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागेस हलली. कांहीं काळ दोन्हीकडे मापें घेऊन तीं पडताळून पाहण्यांत आलीं, म्हणून जुनी मालिका तुटली नाहीं. त्याच परंपरेंतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचें मुख्य ठाणें आज नव्या पनवेलीस आहे. पुतण्या तेव्हां लोखंडी पादचारी पूल, मोटारी आणि विजेचे मनोरे टाळूनच सुई पाहतो. सह्याद्रीचा काळा बसाल्ट खडकहि किंचित् चुंबकीय असतो. कड्याला टेंकून घेतलेली दिशा दोन पावलें दूर जाऊन पडताळावी.

गुरुवारीं गल्ल्यांचा अभ्यास. त्यासाठीं बेलापूरचें आर्टिस्ट्स व्हिलेज ही जागा जणूं मुद्दाम केल्यासारखी आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ही वसाहत रचली. सात घरें एका लहानशा चौकाभोंवतीं, असे तीन चौक मिळून एक मोठा चौक, आणि अशा समूहांचा पुन्हा मोठा समूह, अशी तिची मांडणी. नवखा माणूस दोन वळणांत दिशा हरवून बसतो. लोकांच्या अंगणांत शिरणें अर्थातच वर्ज्य. पुतण्या सार्वजनिक रस्त्यांनींच, सकाळीं लौकर, आवाज न करतां जातो. येथें दोन संवयी लागतात. पहिली, नकाशा घडी करून हातांत धरावा आणि आपण जेथें आहों तेथें अंगठा ठेवावा; पाय पुढें गेले कीं अंगठाहि पुढें सरकवावा. दुसरी, आपण जसें वळूं तसा नकाशा वळवावा, म्हणजे समोर जें आहे तें कागदावरहि समोरच राहतें. नकाशावरचीं नांवें उलटीं झालीं तरी हरकत नाहीं. दिशा उलटी होतां कामा नये.

शुक्रवारीं पुन्हा विश्रांति. पण त्या रात्रीं तो मला एक कोडें घालतो. "काका, चौकी टेकडीच्या पलीकडे आहे. सरळ वरून गेलों तर ६०० मीटर, पण ५० मीटरांची चढण. टेकडीला वळसा घातला तर सपाट ९०० मीटर. कोणत्या वाटेनें जाऊं ?" ह्याला एक जुना आडाखा आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ ह्यांनीं १८९२ सालीं चालणाऱ्यांसाठीं जो हिशेब मांडला, त्यावरून एक मीटर चढ म्हणजे सुमारें आठ मीटर सपाटी असें धरतां येतें. तेव्हां पन्नासाचे चारशें झाले, सहाशें त्यांत मिळवले, एकूण हजार. वळसा नऊशेंचा, म्हणून वळसाच जवळचा. आडाखा धांवणाऱ्याला तंतोतंत लागू पडत नाहीं, पण सरळ रेघ ही सर्वांत लहान वाट नव्हे एवढें तो शिकवितो.

वाटेची निवड किती महाग पडूं शकते ह्याचा इतिहासांतला दाखला आपल्या शेजारींच, खोपोलीजवळ उंबरखिंडींत आहे. १६६१ सालीं शाइस्तेखानानें पाठविलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन घाटमाथ्यावरून कोंकणांत उतरत होता. त्यानें घेतलेली वाट दाट रानांतल्या अरुंद खिंडींतून जाणारी होती. शिवाजीमहाराजांनीं त्याला आंत पुरें शिरूं दिलें आणि मग पुढची व मागची दोन्ही तोंडें अडविलीं. फौज पाण्यावांचून कासावीस झाली. शेवटीं सामानसुमान टाकून जीव वांचविण्याची विनंति करणें खानास भाग पडलें. संख्येनें, शस्त्रांनीं तो उणा नव्हता. खिंडीची तोंडें कोठें, पाणी कोठें आणि संकट आल्यास बाहेर पडावयाचें कोठून, हें महाराजांना ठाऊक होतें, त्याला नव्हतें.

शनिवार डोंगराचा. खारघरच्या टेकडीवर पुतण्या दोघां सोबत्यांबरोबर उजाडतां उजाडतां चढतो. एकट्यानें जात नाहीं, घरीं परतीची वेळ सांगितल्याशिवाय जात नाहीं आणि पावसाळ्यांत पांडवकड्याच्या धबधब्याकडे फिरकत नाहीं. तेथें माणसें बुडालेलीं आहेत आणि म्हणून वनखातें बंदी घालतें. येथें समोच्चरेषा प्रत्यक्ष पायांखालीं येतात. रेषा एकमेकींस खेटून असल्या तर चढ उभा. दूरदूर असल्या तर उतार सौम्य. रेषेचें टोंक उंचीकडे वळलें तर ती घळ, खालच्या बाजूस वळलें तर ती सोंड. दोन रेषांमध्यें बहुधा पांच मीटरांचें अंतर धरतात. म्हणून दहा रेषा ओलांडल्या म्हणजे ५० मीटर चढलों. वर्गांत ह्या रेषा फळ्यावर काढून मीं तीस वर्षें शिकविल्या. मुलें त्या पाठ करीत. डोंगरावर त्या पाठ कराव्या लागत नाहींत, पोटऱ्याच सांगतात.

डोंगरावर चौकी गांठण्याच्या तीन युक्त्या आहेत. पहिलीला कठडा म्हणूं : ओढा, कुंपण, पायवाट अशी एखादी लांब वस्तु धरून जावें, म्हणजे जिन्याच्या कठड्याप्रमाणें ती आपल्याला नेते. दुसरी अडसर : चौकीच्या पलीकडे असलेला रस्ता किंवा नाला आधींच हेरून ठेवावा, तो लागला कीं आपण पुढें आलों हें कळतें. तिसरी खात्रीची जागा : चौकीच्या अलीकडे, चुकणारच नाहीं अशी एक ठळक खूण निवडावी, तेथवर वेगानें जावें आणि तेथून पुढें मात्र पावलें मोजीत, सावकाश. बहुतेक खेळाडू वेळ दवडतात तो ह्या शेवटच्या शंभर पावलांत.

आणि रविवार शर्यतीचा. एका रविवारीं पुतण्यानें व त्याच्या मित्रमंडळींनीं खारघरच्या सेंट्रल पार्कांत घरगुती शर्यत मांडली. रीतसर विचारून, सकाळची गर्दी होण्याच्या आंत. अकरा चौक्या, सरळ रेघेनें मोजल्यास साडेतीन किलोमीटर, अठरा स्पर्धक. ज्यांनीं चौक्या लावल्या ते स्वतः धांवले नाहींत. स्पर्धक दोन दोन मिनिटांच्या अंतरानें सुटले, म्हणजे एकानें दुसऱ्याच्या मागें लागूं नये. घड्याळ धरण्याचें काम मजकडे होतें. नकाशा हातीं पडतांच कित्येक जण धूम पळाले. पन्नाशीच्या एक शिक्षिका मात्र आरंभरेषेवर पंधरावीस सेकंद नुसत्या उभ्या राहिल्या. नकाशा फिरवला, अंगठा ठेवला आणि बेतानें निघाल्या.

पुतण्या चार चौक्यांपर्यंत सर्वांच्या पुढें होता. पांचवी चौकी एका पाऊलवाटांच्या जाळ्यांत होती. वाट वळली, तो वळला. दुसरी फुटली, तींत तो शिरला. आणि क्षणभरांत समोरचें कांहींच कागदाशीं जुळेना. येथें त्यानें काय केलें तें तो मोकळेपणानें सांगतो : त्यानें वेग वाढविला. आपण कोठें आहों हें कळेनासें झालें कीं मनुष्य जास्त जोरानें धांवूं लागतो, हें ह्या खेळांतलें विलक्षण सत्य आहे. इतकेंच नव्हे, तर मन कागदाची सोयीस्कर मोडतोड करूं लागतें. दिसणारें तळें नकाशांत नसलें तर "नवीन केलें असेल", आणि नकाशांतली भिंत दिसत नसली तर "पाडली असेल". जमीन खरी मानण्याचा सोमवारचा नियम मन असा वापरतें. पण आपली जागा निश्चित ठाऊक असेल तेव्हांच तो नियम लागू. सात मिनिटें अशीं गेल्यावर तो थांबला, नकाशा उत्तरेस लावला, शेवटची खात्रीची जागा आठवली, तेथवर मागें गेला आणि तेथून पांचवी चौकी दोन मिनिटांत गांठली. त्याचा वेळ ४१ मिनिटें. त्या बाईंचा ३९. त्या कोठेंहि वेगानें धांवल्या नाहींत. पण कोठेंहि हरवल्या नाहींत. दोनदां शंका आली तेव्हां त्या दोन्ही वेळां जागच्या जागीं उभ्या राहिल्या.

ह्या खेळाचें मर्म मला त्या दोन आंकड्यांत दिसतें. पायांची गति डोक्याच्या गतीपुढें जातां कामा नये; आणि आपण कोठें आहों हें कळेनासें होतांच थांबून तसें स्वतःशीं कबूल करावें. थांबण्याचें एक मिनिट हें वांचविलेलें मिनिट असतें.

आतां कोणी विचारील, फोन असतां हा खटाटोप कशाला ? ह्याचें एक उत्तर शास्त्राचें आहे. आपल्या मेंदूंत हिप्पोकॅम्पस नांवाचा एक भाग आहे. जॉन ओकीफ ह्यांनीं १९७१ सालीं उंदरांवरील प्रयोगांत तेथें अशा पेशी दाखविल्या कीं ज्या प्राणी एका विशिष्ट जागीं आला असतांच चेततात. त्याच्या शेजारच्याच भागांत मोझर पतिपत्नींनीं २००५ सालीं, जणूं आंखलेल्या कागदाप्रमाणें सर्व जागा मोजणाऱ्या पेशी दाखविल्या. ह्या तिघांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे नकाशा काढण्याची सामग्री निसर्गानें आपल्या डोक्यांत ठेवलेलीच आहे. ती वापरण्यानें काय होतें ? लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठीं मध्य शहराभोंवतींचे सुमारें २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. २००० सालीं एलिनॉर मॅग्वायर व सहकाऱ्यांनीं त्यांचे मेंदू तपासले, तेव्हां हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांहून मोठा आढळला. उलट बाजूनें, कॅनडांत ५० मोटारचालकांच्या २०२० सालच्या पाहणींत, वाटदर्शक यंत्रावर अधिक विसंबणाऱ्यांची जागांविषयींची स्मृति अधिक दुबळी दिसली. ही पाहणी लहान आहे, तिच्यावर फार मोठी इमारत उभारूं नये. तरी वापरली ती शक्ति वाढते हें शिक्षकाला नवें नाहीं.

दुसरें उत्तर व्यवहाराचें आहे. दर पावसाळ्यांत सह्याद्रींत धुकें उतरतें, फोनची वीज संपते वा संदेश मिळेनासा होतो, आणि डोंगरावर गेलेलीं तरुण मुलें पायवाट हरवतात. मग अंधारांत गांवकरी आणि शोधपथकांचे स्वयंसेवक जीव धोक्यांत घालून त्यांना हुडकावयास निघतात. ह्या मुलांच्या अंगीं बळ कमी नसतें. उणीव असते ती दोन गोष्टींची : आलों ती वाट मनांत नोंदवीत जाण्याची संवय, आणि शंका येतांच जागीं थांबण्याचा धीर. ह्या दोन्ही गोष्टी पुतण्याच्या आठवड्यांत शिकावयास मिळतात. त्यासाठीं घरापासून फार दूर जावें लागत नाहीं आणि खर्च होकायंत्रापुरताच.

शेवटीं आपणां सर्वांसाठीं एक सोपा पाठ सांगतों. त्याला धांवावें लागत नाहीं. आज रात्रीं जेवण झाल्यावर घरांतील प्रत्येकानें एकेक कोरा कागद घ्यावा आणि आपल्या घरापासून रेल्वे स्टेशनापर्यंतचा नकाशा, कोणास न विचारतां, आठवणीनें काढावा. उत्तर दिशा दाखवावी. वळणें, झाडें, दुकानें, देऊळ, नाला जें आठवेल तें मांडावें. मग उद्यां सकाळीं तो कागद हातांत घेऊन तीच वाट चालावी आणि कोठें कोठें रिकामी जागा राहिली तें पाहावें. रोजच्या वाटेवरचें किती आपण कधीं पाहिलेंच नव्हतें, हें पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. घरांतील लहान मुलाचा नकाशा बहुधा मोठ्यांच्या नकाशाहून भरलेला निघेल, कारण तें अजून डोळे उघडे ठेवून चालतें. पुढच्या महिन्यांत तोच नकाशा पुन्हा काढावा आणि दोन्ही कागद शेजारीं ठेवून पाहावे.